कॅमेऱ्यावरचं कुंकू

मी एक जुना लॅपटॉप आहे. मित्रांनो, मला जपा, मला पुसा, असलं रडगाणं मी गाणार नाही. मी चहाडखोर होतो, हे आधीच सांगून टाकतो.

कबनूरला बाळासोंचे यंत्रमाग आहेत. त्यांच्या ऑफिसात संयोगिता सहा वर्षं माझ्यावर साड्यांच्या काठांची डिझाइनं काढायची. बाळासोंनी मला आणलं त्याच दिवशी माझ्यात गुपचूप एक प्रोग्राम बसवून घेतला होता. दर दहा मिनिटांनी पडद्यावरचं काम आणि कॅमेऱ्यापुढचा चेहरा मी त्यांच्या मोबाइलवर धाडायचो. खुर्ची रिकामी दिसली की लगेच फोन, "कुठं गेलतीस?" तिला वाटायचं, छताच्या कॅमेऱ्यातून बघतात.

यंदा तिनं नोकरी सोडून कसबा बावड्यात घरीच स्वतःचं काम सुरू केलं. निरोपाच्या दिवशी बाळासोंनी मला तिच्या हातात ठेवलं. "घिऊन जा पोरी, आशीर्वाद समज." धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. तिनंही मोजले नाहीत.

कुरुंदवाडचे साडीवाले केरबा तिचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांच्यासाठी तिनं मोरपंखी काठ काढला, आणि तो दाखवायच्या आधीच बाळासोंच्या मागावर विणून बाजारात आला. दुसऱ्या काठाचंही तेच झालं. केरबा म्हणाले, "ही तर बाळासोंची नक्कल हाय की. आणखी एकदा असं झालं तर मी न्हाय यायचा." ते गेल्यावर ती माझ्यासमोर बसून रडली. मी ते रडणंही पाठवून दिलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मी! आजही लाज वाटते.

खंडेनवमी आली. तिनं मला चालू ठेवूनच पाटावर मांडलं, झेंडूचं फूल वाहिलं, हळद लावली. कुंकवाचं ओलं बोट नेमकं कॅमेऱ्यावर टेकलं. थोड्या वेळात फोन वाजला.

"संयोगिता, कॅमेऱ्यावर कुंकू बसलंय बघ. पुसून घे, मशीन खराब हुईल."

"व्हय मालक," ती सवयीनं म्हणाली. मग थांबली. "तुमास्नी कुठनं दिसलं?"

फोन बंद झाला.

तिची मैत्रीण अस्मिता लॅपटॉप दुरुस्त करते. ती आली तीच बडबडत. "वापरलेलं मशीन घरात घेताना आधी बघायचं असतंय की." कुठले प्रोग्राम आपोआप सुरू होतात, ते तिनं शोधलं; त्यात तो चोरटा प्रोग्राम सापडला. माझा मुख्य खातेदार कोण, ते पाहिलं. अजून बाळासोच होते. पाठवलेल्या चित्रांची यादी तिनं केरबांना दाखवायला तारखांसकट उतरवून घेतली. "निस्तं काढून भागायचं न्हाय. सगळं पुसून नव्यानं टाकूया."

सगळं म्हणजे माझ्या आठवणीसुद्धा. मनात म्हटलं, पुसा.

"थांब जरा," संयोगिता म्हणाली. तिनं पदरानं कॅमेरा पुसला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नवा काठ काढतेय. बघायचा असला तर बावड्याला या आणि विकत घ्या.' मग दोघी हाताची घडी घालून बसल्या. दहा मिनिटं झाली आणि मी माझी शेवटची चहाडी केली, अगदी मनापासून.

सगळं पुसलं तर ही गोष्ट आठवते कशी, असं विचाराल. माझ्या बटणांच्या फटीत ती हळद अजून आहे.

मित्रांनो, जुनं यंत्र घरी आणाल तेव्हा पूजा नंतर करा. आधी त्याला विचारा, तू कुणाचा? मला कुणीही विचारावं. मी संयोगिताचा.