मापाला उभी

माझी शैली आयुष्यात दोनदा बदलली, असं कलादालनाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मी डोंगर, तळी आणि माळरानं यांचे फोटो काढतो. पंचेचाळीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही. शैली बदलते तेव्हा माणसाला आतून काहीतरी कळत असेल, अशी लोकांची समजूत असते. मला घरातला पडदा बदललेलाही महिनाभर कळत नसे. बायको सांगायची, मग मी म्हणायचो, "हो, छान आहे."

प्रदर्शन भरवणारी मुलगी हुशार होती. मी तिला मनातल्या मनात चष्मेवाली म्हणायचो, कारण तिचा चष्मा तिच्याआधी खोलीत यायचा. तिने माझ्या फोटोंच्या तीन खोल्या केल्या. पहिल्या खोलीत सुरुवातीचे फोटो. त्या प्रत्येकात दूर कुठेतरी नखाएवढा एक माणूस उभा. दुसऱ्या खोलीत माणूस नाही, नुसती जागा, आणि दगडावरची भेगन् भेग मोजता येईल इतकी स्वच्छ. तिसऱ्या खोलीत गेल्या सहा वर्षांतले फोटो. तेही रिकामेच, पण जरा हललेले. डोंगराची कड दुहेरी दिसते, झाडं पुसट होतात. त्या हलण्याला समीक्षकांनी "उत्तरवयातली हळवी धूसरता" असं नाव दिलं होतं. मी ते वाचलं आणि कात्रण जपून ठेवलं. कौतुक नाकारायला धाडस लागतं.

"सर, प्रत्येक खोलीसाठी चार ओळी द्या," चष्मेवाली म्हणाली. "शैली का बदलली, तुमच्याच शब्दांत."

"शब्द असते तर फोटो कशाला काढले असते?" मी म्हणालो. तिने हे वाक्यही लिहून घेतलं. अशा माणसांपुढे हात टेकावे लागतात.

पहिल्या खोलीबद्दल सांगण्यासारखं होतं. नुसत्या डोंगराचा फोटो काढला की तो केवढा आहे ते कळत नाही. बारा मजली कडाही मातीच्या ढिगाएवढा दिसू शकतो. त्यात एक माणूस उभा केला की डोंगर आपल्या उंचीवर येतो. माझा तो माणूस म्हणजे माझी बायको. "जरा मापाला उभी राहा," एवढंच मी म्हणायचो. ती मुकाट्याने अर्धा तास चालत जायची, मी हात हलवला की थांबायची आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. चौदा वर्षं ती माझं माप होती. एकाही फोटोत तिचा चेहरा नाही.

दुसऱ्या खोलीची सुरुवात "रिकामं तळं" या फोटोने होते. सकाळचं तळं, पलीकडे टेकडी, पाण्यावर एक सुरकुती नाही. या फोटोने माझं नाव झालं. बक्षीस घ्यायला मंचावर गेलो तेव्हा कोणीतरी विचारलं, "यात तुमचा तो नेहमीचा माणूस दिसत नाही?" मी माइक हातात घेऊन म्हणालो, "चौकटीतून माणूस बाहेर काढला, तेव्हा मला दिसायला लागलं." टाळ्या पडल्या. बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती, मी पाहिलं.

त्यानंतर मी रिकाम्या जागांचा माणूस म्हणून ओळखला जाऊ लागलो. नशीबही बरोबर होतं. मी बटण दाबलं की वारा पडायचा. चाळीस चाळीस सेकंद कॅमेरा उघडा ठेवायचो, तरी फोटो हलायचा नाही. बरोबरीचे फोटोग्राफर जळायचे. बायको या सगळ्या फिरस्तीत बरोबर असायची. पाऊस नसला तरी एक भलीमोठी काळी छत्री घेऊन यायची. उगाच ओझं वागवते म्हणून मी तिला चिडवायचो.

सहा वर्षांपूर्वी ती मुलीच्या बाळंतपणाला गेली. तीन महिन्यांसाठी गेली होती. तीनाचे सहा झाले, मग नातीचं रांगणं झालं, चालणं झालं, शाळा सुरू झाली. भांडण नाही, तंटा नाही. दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन येतो. "जेवलात का? गोळी घेतली का?" मी हो म्हणतो. मग ती म्हणते, "बरं, ठेवते." आमचं बोलणं माझ्या एका फोटोला लागतो त्याहून थोडाच जास्त वेळ चालतं. छत्री मात्र ती इथेच ठेवून गेली, ती दाराआड खिळ्याला टांगलेली आहे. घरात दोन खोल्या, एक डार्करूम आणि मी. चहाचे दोन कप धुऊन ठेवतो आणि एकच वापरतो. खरं सांगायचं तर मला तिच्याशिवाय अजिबात करमत नाही. पण हे रविवारी अकरा वाजता फोनवर कसं सांगायचं, ते मला जमलं नाही.

प्रदर्शनासाठी जुन्या निगेटिव्ह नव्याने स्कॅन करायला दिल्या होत्या. एका दुपारी चष्मेवालीचा फोन आला.

"सर, 'रिकामं तळं' रिकामं नाहीये. काठावर कुणीतरी उभं आहे."

मी गेलो. पडद्यावर तिने तो कोपरा मोठा करून ठेवला होता. पलीकडच्या काठाला, पाण्याला लागून, उभा असा एक फिकट आकार. त्यावर आडवे पट्टे. बायकोचा एक पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर होता, तिने स्वतः विणलेला. थंडीतल्या प्रत्येक सफरीला ती तोच घालायची.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. निगेटिव्हवर धूळ बसली की कागदावर पांढरा ठिपका उमटतो. मग बारीक ब्रश घ्यायचा, पातळ शाई घ्यायची आणि तो ठिपका आजूबाजूच्या रंगात मिळवून टाकायचा. याला आम्ही ठिपके भरणं म्हणतो. माझा हात त्यात इतका बसला होता की मी रेडिओ ऐकत ठिपके भरायचो. "रिकामं तळं"चा पहिला कागद सुकला तेव्हा काठाशी एक पांढरा ठिपका होता. तो मी भरला. दोनदा ब्रश टेकवला असेल.

म्हणजे शैली वगैरे काही बदलली नव्हती. मी माझ्या बायकोला धूळ समजून पुसलं होतं, आणि वर मंचावर चढून त्याचं तत्त्वज्ञान सांगितलं होतं. तिसऱ्या रांगेत बसून तिने ते ऐकलं होतं. ती का गेली आणि का परतली नाही, याचं उत्तर मला पडद्यावर दिसत होतं. मला रडू आलं. चष्मेवालीने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि चष्मा काढून स्वतःचेही डोळे पुसले.

मी ठरवलं, हे दुरुस्त करायचं. आठ दिवस डार्करूममध्ये घालवले. तोच फोटो दाराएवढा मोठा केला आणि ठिपका भरला नाही. खाली लावायची पाटी माझ्या हाताने लिहिली: "तळ्याकाठी माझी पत्नी. तिला मी धूळ समजलो." चष्मेवालीला पाटी इतकी आवडली की तिने ती वर्तमानपत्रांना कळवली. रविवारी फोन आला तेव्हा मी म्हणालो, "गोळी घेतली. जेवलो. तू प्रदर्शनाला ये. तुला एक दाखवायचंय."

"मला? काय?"

"ते आल्यावर."

"नातीला दोन दिवस सुट्टी आहे," ती म्हणाली. "तिची आई घरी असेल. येते."

मी घर झाडलं. तिची उशी उन्हात टाकली. कपाटातला अर्धा भाग मोकळा केला. ती माझा फोटो बघेल, माझी चूक मी कबूल केलेली बघेल आणि म्हणेल, बरं, राहते. तेवढ्यासाठी मी दाराएवढा फोटो केला होता, समीक्षकांसाठी नाही.

ती दुपारी आली. केस पूर्ण पांढरे झाले होते, आणि जिना चढताना एक हात गुडघ्यावर ठेवत होती. पहिल्या खोलीत ती रमली. "हे बघा, इथे मला मधमाशी चावली होती," "इथे चप्पल तुटली होती," असं एकेका नखाएवढ्या पाठीकडे बोट दाखवून सांगत होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी हसत होतो. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या खोलीत ती तळ्यापुढे उभी राहिली. पाटी वाचली. मग फोटोच्या अगदी जवळ गेली आणि बराच वेळ बघत राहिली.

"ही कोण?" तिने विचारलं.

"तू. मी तुला पुसलं होतं गं. चुकून. मला माफ कर."

"मी?" ती माझ्याकडे वळली. "अहो, हा खांब आहे. तळ्यात पाणी किती आहे ते बघायचा. त्यावर पट्टे असतात. आदल्या वर्षी आलो होतो तेव्हा आपण त्याला टेकून डबा खाल्ला होता."

मी चष्मा लावला. खांब होता. आता स्वच्छ खांबच दिसत होता. त्याला खांदे नव्हते, मान नव्हती. मी पंधरा दिवस एका खांबाची माफी मागत होतो.

"आणि या फोटोच्या वेळी मी तिथे पोचणार कशी?" ती म्हणाली. "आदल्याच महिन्यात कड्यावरून उतरताना गुडघा गेला नव्हता का माझा? डॉक्टरांनी लांब चालायचं नाही म्हणून सांगितलं होतं. म्हणून तर तुमच्या फोटोत माणूस उरला नाही."

"मग तू कुठे होतीस?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. तिचा चेहरा बदलला. रागाने बदलला असता तर मी सांभाळून घेतलं असतं, मला तिचा राग ठाऊक होता.

"तुमच्या मागे," ती म्हणाली. "छत्री कोण धरत होतं? सोसाट्याचा वारा असायचा. कॅमेऱ्याला वारा लागू नये म्हणून मी छत्री आडवी धरून उभी असायचे. चाळीस आकडे मी मोजायचे. चाळीस झाले की बास कोण म्हणायचं?"

"बास" हा शब्द ऐकला आणि सगळं आठवलं. हलक्या आवाजात मोजलेले आकडे, कानाजवळ फडफडणारं कापड, आणि शेवटी ते "बास". वारा माझ्या नशिबाने कधीच पडला नव्हता.

"मला ते मंचावरचं लागलं नव्हतं," ती म्हणाली. "खरंच नाही. मी म्हणायचे, फोटोत नसले तर नसले. मी कुठे आहे ते फोटो काढणाऱ्याला तर माहीत आहे. तेवढं मला पुरायचं." तिने पुन्हा एकदा खांबाकडे पाहिलं. "तुम्हाला माहीतच नव्हतं."

"परत ये," मी म्हणालो. भर कलादालनात, लोकांसमोर. "मला एकट्याला होत नाही."

तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. "पंचवीस वर्षं मी तुमची पाठ बघितली हो," ती म्हणाली. "तिकडे नात माझ्याकडे तोंड करून बोलते." तिसऱ्या खोलीत ती गेलीच नाही. संध्याकाळची गाडी होती, ती गाठायची होती. मी स्टँडवर सोडायला गेलो. खिडकीतून ती म्हणाली, "गोळी विसरू नका."

दुसऱ्या दिवशी मी चष्मेवालीला पाटी बदलायला सांगितली. "तळ्याकाठी पाणी मोजायचा खांब. पत्नी कॅमेऱ्यामागे छत्री धरून, म्हणून फोटो हललेला नाही."

"सर, पण मग गोष्टच राहत नाही," ती कळवळून म्हणाली. "आणि वर्तमानपत्रात छापून आलंय."

"तिसऱ्या खोलीतलीही बदला," मी म्हणालो. "धूसरता बिसरता काही नाही. छत्री धरायला कोणी नाही, म्हणून ते हललेत." हे मात्र तिने लिहून घेतलं नाही.

प्रदर्शन संपल्यावर मी तळ्यावर गेलो. छत्री बरोबर घेतली. ट्रायपॉडवर कॅमेरा लावला, तीच टेकडी, तोच काठ, आणि खांब आपल्या जागी. वारा होता. डाव्या हाताने छत्री आडवी धरली. ती जड असते, आणि वाऱ्यात मनगट पिळवटून निघतं, हे मला पहिल्यांदाच कळलं. उजव्या हाताने बटण दाबून धरलं, ते सोडेपर्यंत कॅमेरा उघडा राहतो. घड्याळ बघायला तिसरा हात नव्हता, म्हणून मोठ्याने मोजायला लागलो.

एकोणचाळीस, चाळीस. मी थांबलो नाही. एकेचाळीस, बेचाळीस, पन्नास. सत्तरपर्यंत मोजत राहिलो, तेव्हा कुठे लक्षात आलं की मी "बास" ऐकू येण्याची वाट बघतोय. मग मी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. बटण अजून दाबलेलंच होतं.