जोएलने खवलेला नारळ

क्वीन्समधल्या चेऊलकरांच्या अपार्टमेंटमध्ये शुक्रवारी दुपारपासून फोनला उसंत नसे. कुणाला राइड हवी असे, कुणाच्या पोराला ताप असे, कुणाला ओव्हरटाइम लागलेला असे, आणि बिन्यामिन चेऊलकर एका हाताने जेवत, दुसऱ्या हातात रिसीव्हर धरून प्रत्येकाची मनधरणी करत असत. माणसं जमवणं म्हणजे काय असतं, हे ज्यांनी परदेशात एखादं मंडळ चालवलंय त्यांनाच कळेल. त्यात ही बेने इस्राएलांची जमात. कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून न्यू यॉर्कला आलेली ही मराठी बोलणारी ज्यू कुटुंबं दुसऱ्यांच्या सिनेगॉगचं तळघर भाड्याने घेऊन शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळत होती. पुरी प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष हजर लागतात. नऊच असले तर काही प्रार्थना वगळाव्या लागतात, मग तुम्ही कितीही भाविक असा. चेऊलकरांकडे जेमतेम बाराजण होते. ते जमातीचे प्रेसिडेंट, पण जुनी माणसं त्यांना अजून कोकणातल्या रिवाजाने मुकादमच म्हणत.

१९८६च्या त्या हिवाळ्यात मात्र फोनवर एकच प्रश्न येऊ लागला. जोएल येणार आहे का?

जोएल थळकर हा मिल्काबाईंचा एकुलता एक मुलगा, चौतिशीचा, सबवेच्या सिग्नल्सवर काम करणारा इंजिनिअर. वडील लवकर गेले, आईने शिवणकाम करून शिकवला, आणि पहिला पगार झाल्याबरोबर त्याने आईला अमेरिकेत आणलं. गळा इतका गोड की प्रार्थनेत त्याने सूर लावला की बायका बोलायच्या थांबत. त्याला एड्स झाला होता. कसा झाला, हे मी सांगणार नाही. ज्याला त्याला तोच प्रश्न आधी सुचत होता, आणि 'त्याला जेवण जातं का' हे विचारायचं एकालाही सुचलं नव्हतं. तेव्हा आपण तरी त्या वाटेला जायला नको.

जमातीतल्या रूबेन रोहेकरने तर स्पष्टच सांगितलं. घरात दोन लहान मुलं आहेत, शब्बाथला मनुकांच्या शरबताचा पेला सगळ्यांमध्ये फिरतो, जोएल येणार असेल तर आम्ही येणार नाही. त्याच्यापाठोपाठ आणखी दोन घरांनी तेच म्हटलं. चेऊलकरांनी बोटं मोजली. एक जोएल ठेवला तर तीन माणसं जात होती, आणि दहाचा आकडा तुटत होता.

आता चेऊलकर काही दुष्ट माणूस नव्हते. उलट, जमातीसाठी त्यांच्याइतकं मरमर मरणारं दुसरं कुणी नव्हतं. ते एका ड्रगस्टोअरमध्ये फार्मासिस्ट होते. एकत्र बसल्याने, खाल्ल्याने किंवा हात हातात घेतल्याने हा रोग होत नाही, हे त्यांनी वाचलं होतं आणि त्यांना ते पटलंही होतं. चार माणसांना बसवून एवढंच समजावून सांगितलं असतं तरी पुष्कळ होतं. पण समजावायचं म्हणजे वाद, वाद म्हणजे फूट, आणि फूट पडली की जमात संपली. त्यापेक्षा त्यांनी जोएललाच फोन केला. थंडी फार आहे, तुला ड्राइव्ह करून यायचा त्रास होईल, बरं वाटेपर्यंत घरीच प्रार्थना कर, असं अगदी मायेने सांगितलं.

पलीकडून जोएलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इट्स ओके, काका. मला कळलं." त्यानंतर तो कधी आला नाही.

तळघरात पुन्हा दहाजण जमू लागले. शरबताचा पेला फिरू लागला. जमात टिकली, असं चेऊलकर स्वतःला सांगत राहिले.

फेब्रुवारीत मिल्काबाईंनी मलिद्याचं बोलावणं केलं. भिजवलेले पोहे, त्यात खोबरं, साखर, वेलची, वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. एलियाहू हन्नाबीला, म्हणजे संकटात धावून येणाऱ्या संदेष्ट्याला, नवस बोलायचा तर हा मलिदा करतात, आणि त्यावर आशीर्वाद म्हटल्यावर तो सगळ्यांनी मिळून खायचा असतो. घरात लग्न असो की दुखणं, त्याशिवाय बेने इस्राएलाचं पान हलत नाही. मिल्काबाईंनी मुलाच्या प्रकृतीसाठी नवस बोलला होता. एलियाहू हन्नाबीच्या बोलावण्याला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, म्हणून सगळे गेले.

जोएल कोपऱ्यातल्या खुर्चीवर शाल पांघरून बसला होता. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. जमातीचे हज्जान, म्हणजे पुढे उभं राहून प्रार्थना चालवणारे सायमनकाका, यांनी प्रार्थना म्हटल्या, जोएलनेही बसल्या जागी बारीक आवाजात साथ दिली. मग मिल्काबाई परात घेऊन फिरू लागल्या. किती दिवसांनी घर भरलं म्हणून बाई हरखून गेल्या होत्या. त्या भरात म्हणाल्या, "आज नारळ जोएलने खवलाय हो. हातात बळ नाही, तरी मला हात लावू दिला नाही."

खोली एकदम गार पडली. मग रूबेनच्या बायकोने पेपर नॅपकिन मागितला, मुलांसाठी घरी नेते म्हणाली. तिचं पाहून सगळ्यांनीच नॅपकिन मागितले. सायमनकाका तेवढे मांडी घालून बसले आणि आपला वाटा तिथेच खाऊन त्यांनी बोटं चाटली. बाकीच्यांनी पुड्या बांधल्या, खिशात घातल्या आणि उशीर झाल्याचं सांगून निघाले.

बिल्डिंगच्या दाराशी कचऱ्याचा मोठा डबा होता. पुढे गेलेल्यांच्या पुड्या त्यात पडल्या होत्या, काही सुटून पाकळ्या पसरल्या होत्या. चेऊलकरांनीही खिशात हात घातला. त्यांना माहीत होतं की हे खाल्ल्याने काही होत नाही. पण सगळे टाकताहेत, आपण एकटेच घरी नेऊन काय करणार? त्यांनी पुडी डब्यावर धरली आणि मागे लिफ्टचं दार उघडलं.

जोएल होता. चेऊलकरांची बायको दीना वर चष्मा विसरली होती, तो द्यायला आला होता. त्याने डब्यात पाहिलं. मग चेऊलकरांच्या हाताकडे पाहिलं. चष्मा त्याने दीनाच्या हातात न देता बाजूच्या पत्रपेटीवर ठेवला, तिला आपल्या हाताला शिवायला लागू नये म्हणून. "काकू, चष्मा," एवढंच म्हणाला आणि लिफ्टमध्ये परत गेला.

दुसऱ्या दिवशी जाऊन त्याची माफी मागू, असं चेऊलकर घरी जाताना दीनाला म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. पुढच्या आठवड्यात बर्फ पडलं. मग पेसाहचा सण आला, त्याची तयारी आली. माफी मागायला जाणाऱ्याला कामं नेहमीच फार निघतात.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मिल्काबाईंचा फोन आला. जोएल पहाटे हॉस्पिटलमध्ये वारला. फ्युनरल होमची, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणारी, माणसं त्याला हात लावायला तयार नाहीत, बंद पिशवीतच पुरा म्हणतात. घरचं कुणी न्हाऊ घालणार असेल तर खोली उघडून देऊ, म्हणालेत. आपल्यात पुरुषाला पुरुषांनी न्हाऊ घालायचं असतं, हे बाईंना ठाऊक होतं. पण त्यांनी कुणाला बोलावलं नाही. "मी एकटी घालीन," त्या म्हणाल्या. "तान्हा असताना मीच घालत होते. तुम्हाला कळवायचं म्हणून कळवलं."

चेऊलकरांनी रिसीव्हर ठेवला आणि डोकं धरून बसले. लोक काय म्हणतील, कुणाला विचारावं, कुणी आलंच नाही तर, असं काहीबाही पुटपुटू लागले. दीना समोर उभी राहिली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, पण असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

"जमात टिकवली म्हणता ना? कशासाठी टिकवली? सणाला जेवायला आणि गाणी म्हणायला कुणीही भेटतं. जमात असते ती आजच्यासारख्या दिवसासाठी. कुणाच्या आईला एकटीनं पोराला न्हाऊ घालायला लागू नये म्हणून."

चेऊलकर म्हणाले, लोक सोडून गेले असते.

"जाऊ द्यायचे होते. दहाचे सात झाले असते तर सात बसलो असतो. दहा भरावेत म्हणून एकाला उठवायचं, ही कुठली मोजदाद? ज्यांना या रोगाचं काही कळत नव्हतं ते घाबरले, ते मी समजू शकते. तुम्हाला कळत होतं. तुम्ही सांगितलं असतं तर ऐकलं असतं लोकांनी, तुमचं ऐकतात. आणि मीही त्या डब्यापाशी उभी होते, मीही तोंड उघडलं नाही. आता उठा."

चेऊलकर उठले. सायमनकाकांना घेतलं. मग सरळ रूबेन रोहेकरच्या घरी गेले आणि दारातच त्याला सगळं समजावून सांगितलं, जे हिवाळ्यातच सांगायला हवं होतं. स्पर्शाने हा रोग लागत नाही, मृताला न्हाऊ घालताना कुठली काळजी घ्यायची ती मी घेतली आहे, हातमोजे आणले आहेत, आणि मी स्वतः पुढे राहणार आहे. रूबेनने हातमोज्यांकडे पाहिलं. मग आत जाऊन कोट घालून आला. इतकं सोपं होतं हो ते! एका माणसाने खरं बोलायची खोटी होती.

फ्युनरल होमच्या मागच्या खोलीत मिल्काबाई तांब्या घेऊन एकट्या उभ्या होत्या. तिघांना पाहून त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. तांब्या चेऊलकरांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पाणी कोमट घ्या. त्याला थंडी सोसत नाही." मग बाहेर जाऊन बाकावर बसल्या.

तिघांनी जोएलला न्हाऊ घातलं. अंगावर मांस राहिलं नव्हतं. रूबेनने त्याचं डोकं हातांवर तोलून धरलं, पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर हात आडवा धरला, आणि एकसारखा रडत होता. पांढरी वस्त्रं घातली. शेवटी मृताची क्षमा मागायची रीत असते. त्याचं आणि त्याच्या बापाचं नाव घेऊन म्हणायचं की आमच्या हातून नकळत तुझा काही अवमान झाला असेल तर क्षमा कर. चेऊलकरांनी आजवर कितीतरी जणांना हे म्हटलं होतं, घड्याळाकडे बघतसुद्धा म्हटलं होतं.

"जोएल, हायमचा मुलगा," त्यांनी सुरुवात केली. "आमच्या हातून नकळत..."

त्यांनी जोएलच्या पांढऱ्या वस्त्राची घडी सरळ केली. सायमनकाका वाट बघत राहिले.

"नकळत नाही," चेऊलकर म्हणाले. "जाणूनबुजून. क्षमा कर रे पोरा."

जोएल शांत पडून होता. आयुष्यभर जो पहिल्या हाकेला ओ देत आला, तो आता ओ देणार नव्हता.

शोकाचे सात दिवस मिल्काबाईंचं घर भरलेलं होतं. दहा काय, ओळखीपाळखीचे धरून एकवीस माणसं जमली. मृतासाठीची प्रार्थना रोज पुरी झाली. शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर चेऊलकर मिल्काबाईंपुढे खाली बसले आणि हात जोडून मला माफ करा म्हणाले.

मिल्काबाईंनी त्यांचे जोडलेले हात खाली केले. "बिन्यामिनभाऊ, मला तुम्ही काही केलं नाहीत," त्या म्हणाल्या. "केलंत ते त्याला. त्याच्या वतीनं मी कशी माफ करू? तो होता ना इतके दिवस. दाराकडेच बघत बसायचा."

त्यानंतर त्या जमातीत पुन्हा कुणाला घरी बसा म्हणून फोन गेला नाही. पुढच्या वर्षी आणखी एकाला तोच आजार झाला. तेव्हा चेऊलकरांनी पहिल्याच शब्बाथला सगळ्यांपुढे उभं राहून त्या रोगाची माहिती सांगितली. दोन कुटुंबं सोडून गेली. प्रार्थनेला कधी नऊजण असत, कधी आठ. तितकेच बसत, जेवढ्या म्हणता येतील तेवढ्या प्रार्थना म्हणत, आणि मग सगळे मिळून त्या आजारी माणसाच्या घरी जेवायला जात.

वाचकहो, रोगाची भीती वाटणं हा गुन्हा नाही. भीती सगळ्यांनाच वाटते. पण खरं माहीत असूनही चारचौघांत एकी राहावी म्हणून जो गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याने एक माणूस रोगाआधीच मरतो. घर असो, ऑफिस असो, मंडळ असो, ते मोठं आहे की लहान यावरून त्याची किंमत ठरत नाही. त्यातल्या सर्वांत आजारी माणसाला तिथे बसायला जागा आहे का, एवढंच बघा. आणि कुणाची माफी मागायची राहिली असेल, तर आज जा. तिरडीशेजारी उभं राहून मागितलेली माफी द्यायला कुणी नसतं.