पहिल्या दिवसाची भवानी

शरदचंद्र, म्हणजे अण्णा, हट्टी, पण त्यांची मुलगी विभावरी त्यांच्याही वरचढ. अण्णांनी लोणंदजवळच्या खेड्यात चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलं आणि मुलीला एकदाही गल्ल्यापाशी उभं राहू दिलं नाही. "तुला शिकवतोय ते तागडी धरायला नाही," म्हणायचे. गूळ, खोबरं आणि रॉकेलचा तो एकत्र वास तिने दाराबाहेर उभं राहूनच घेतला.

शिकली, इंजिनिअर झाली, सत्यजितशी लग्न करून जर्मनीतल्या बोब्लिंगेनला आली. आणि २००७ साली बाईंनी चांगली नोकरी सोडून जवळच्या खेड्यातलं बंद पडलेलं दुकान चालवायला घेतलं. वर बिऱ्हाड, खाली दुकान. अण्णा तीन महिन्यांसाठी आले होते. कळल्यावर दोन दिवस ताट घेऊन वेगळ्या खोलीत जेवले.

"दुकान मी उघडणारच," ती म्हणाली. "तुम्ही आत नाही आलात तर वाईट वाटेल. पण उघडणार."

दुकान उघडलं त्या दिवशी अण्णा कानटोपी घालून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. उंबऱ्याच्या आत पाय नाही म्हणजे नाही. आठाचे दहा वाजले, चिटपाखरू फिरकलं नाही.  विभावरीने पुसलेल्याच बरण्या पुन्हा पुसल्या.

मग समोरच्या घरातल्या फ्राऊ ब्रेनर आल्या. त्यांना गोड पावासाठी ताजं यीस्ट हवं होतं आणि यीस्ट नेमकं उद्या येणार होतं. विभावरीने माफी मागितली. म्हातारी "या, या", म्हणजे बरं बरं, म्हणत दाराकडे वळली.

"काय मागत होती?" अण्णांनी विचारलं.

"यीस्ट. नाहीये."

"पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवतेस? हेच बघितलंस माझ्या दुकानात? थांबव तिला."

गुडघा धरत ते जिना चढले. परवाच त्यांनी घरच्या फ्रिजमध्ये एक वडी बघून "हा खडू कसला?" असं विचारलं होतं. तीच यीस्टची वडी घेऊन ते उतरले, उंबऱ्यापाशी सवयीने चपला काढल्या आणि आत आले.

घरातली वस्तू, म्हणून विभावरी पैसे नकोत अशी मान हलवायला लागली.

"भवानी फुकट देतात का गं?" अण्णांनी फ्राऊ ब्रेनरच्या हातातलं नाणं घेतलं, डोळ्यांना लावलं आणि गल्ल्यात टाकलं. विभावरीला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"रडतेस काय? आठला कसलं दुकान उघडतेस? गाव सहाला उठतं."

तिने डोळे पुसले, दारावरच्या पाटीवरचा आठ पुसला आणि सात लिहिला.

"सातला," ती म्हणाली. "आणि परत जाईपर्यंत तुम्ही रोज खाली असायचं."