निजायची जागा

कारखान्याच्या गेटासमोर नालीच्या काठी निजायचा मान कोणाचा, यावरून गिरजाबाई आणि तिची धाकटी जाऊ रुखमाबाई यांचं जे वाजलं, ते अख्ख्या वस्तीनं फुकटात ऐकलं.

गोंडपिपरीच्या पुढे जंगल तोडून तो कारखाना उभा राहिला, तेव्हापासून दर साली तिथं मॉक ड्रिल व्हायचं. म्हणजे तेजाबाची टाकी फुटली असं समजायचं, भोंगा वाजवायचा, आणि वस्तीतल्या बायांनी धावत जाऊन नालीकाठी धडाधड आडवं व्हायचं. मग लाल टोपीवाली पोरं स्ट्रेचर घेऊन पळत येणार, फोटोवाला फोटो काढणार, मंडपात खुर्च्यांवर बसलेले साहेब लोक टाळ्या वाजवणार. शेवटी मेलेल्यांना अन् वाचलेल्यांना सारखंच, पोह्यांचं पाकीट आणि एक केळं.

सेफ्टीवाला साहेब मायकात बोलायचा. वारा कुठून येतो बघा, डोळ्यांत गेलं तर पाणी मारत राहा, असं काहीबाही, अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत. बायांनी ते कधी ऐकलं नाही. मेलेल्या बाईनं मान वर करून भाषण ऐकू नये, हा साहेबाचाच हुकूम होता.

पेशंट नंबर एक म्हणजे गिरजाबाई. विहारातल्या बैठकीत तिच्या आधी कोणी तोंड उघडत नसे, तेव्हा मरायलाही पहिली तीच. पण गेल्या साली साहेब म्हणाला, "ताई, तुम्ही डोळे उघडून बघता. ह्यांचे बघा कसे घट्ट बंद आहेत." आणि रुखमाबाईला उचलून स्ट्रेचरवर घातलं. वर तिचा फोटो मोठा करून गेटापाशी पाटीवर लावला. खाली लिहिलं, आधी सुरक्षा.

"जन्मभर कामाच्या टायमाले डोये बंद ठेवले तिनं," गिरजाबाई चौकात म्हणाली, "आता त्याचंच बक्षीस भेटलं."

"जळू नोको वं बाई," रुखमाबाई म्हणाली. "पाटीवर जागा लय होती, पन तुयं तोंडच मावलं नाई."

गिरजाबाईची सून हर्षा मधे बोलली, "पन आत्याबाई, पयाले शिकवाचं सोडून निजाले काऊन शिकवते हा साहेब?"

"तू चूप राय. पाकीट खातं तवा नाई विचारत."

हर्षा पाण्याला निघून गेली. विचारत राहायला हवं होतं.

मोहफुलांचे दिवस होते. बाया जंगलातून टोपल्या भरून आल्या होत्या आणि दारात फुलं पसरत होत्या, तेवढ्यात भोंगा वाजला. रुखमाबाईनं हातातली टोपली तिथंच टाकली. धावता धावता मागं वळून हसली.

"या साली बी मीच वं बाई!"

पाच-सहा बाया तिच्या मागं पळाल्या अन् नालीकाठी आडव्या झाल्या. गिरजाबाईही उठली, मागं कशी राहील! पण गेटासमोर आली अन् पाय थबकले. मंडप नाही. खुर्च्या नाहीत. फोटोवाला नाही. आणि भोंगा थांबायचं नाव घेत नव्हता. भिंतीमागून पांढरा धूर निघाला होता, वर न जाता जमिनीला पोट घासत नालीकडे येत होता. फोडणीत मिरची जळावी तसा घशात ठसका बसला.

"उठा वं! हे खरं हाय! उठा, पया!"

बाया धडपडत उठल्या, खोकत पळाल्या. रुखमाबाई तेवढी उठली नाही. डोळे घट्ट मिटून पडली होती, ओठाच्या कोपऱ्यात हसू.

"हाव, मी उठतो अन् तू निजतं," ती डोळे न उघडता म्हणाली. "तुयी चाल समजते मले."

"रुखमे, मरशीन वं!"

"मराचंच तं हाय."

मग धूर तिच्यावरून गेला, आणि ती ओरडली. तसं ओरडणं कोणत्याच ड्रिलमध्ये कोणी ओरडलं नव्हतं.

गिरजाबाईनं पदर तोंडाला गुंडाळला, धुरात शिरली आणि जावेला बखोटीला धरून फरफटत बाहेर काढलं. हर्षा धावत आली. धूर भिंतीच्या पार कोपऱ्यातून निघून सरळ नालीकडे जात होता, म्हणून गेटापाशी हवा साफ होती. तिथं तो हिरवा फवारा होता, पायानं दाबला की डोळे धुणारा. साहेब दर साली तो चालवून दाखवायचा. हर्षानं दाबला. नळानं नुसती फुसकन हवा सोडली.

"त्याले ड्रिलच्या दिवशीच टँकर जोडते, बाई," चौकीदार म्हणाला. स्ट्रेचर कपाटात होतं. कपाटाला कुलूप होतं. चावीवाला सुट्टीवर गेला होता.

दोघींनी तिला विहाराजवळच्या हापशापर्यंत उचलून नेलं. तिथं मग गाडी येईपर्यंत पाणी ओतत राहिल्या. चंद्रपूरचा डॉक्टर म्हणाला, पाणी चांगलंच मारलं, पण उशिरा. डोळे गेले.

साहेब जबाबाचा कागद घेऊन वस्तीत आला. "एवढंच सांगा ताई, की सूचना असूनही त्या धोक्याच्या जागी गेल्या."

"सूचना होती म्हणून गेली," गिरजाबाई म्हणाली. "सात साल तिथंच निजवलं तुमी आमाले."

"अहो, ते नाटक असतं. खरं झालं तर पळायचं असतं."

"मंग ते कोन्या साली शिकवनार होते?"

साहेबानं कागद घडी करून खिशात घातला. गाडीत बसेपर्यंत गिरजाबाईनं त्याला जे ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दवाखान्यातून आल्यावर रुखमाबाई एका सकाळी म्हणाली, मले गेटापाशी ने. गिरजाबाईनं तिचा हात खांद्यावर घेतला आणि नेलं.

"फोटो हाय का वं अजून?"

"हाय. पुसाची बी लाज नाई त्याइले."

"मी कशी दिसतो?"

पाटीवर रुखमाबाई स्ट्रेचरवर पडलेली होती, डोळे घट्ट बंद. गिरजाबाईनं सगळ्या हयातीत या बाईचं एकदाही कौतुक केलं नव्हतं. भाकरीचं नाही, पोराचं नाही.

"अशी निजलीस," ती म्हणाली, "का कोनी बी म्हनन, मेलीच."

रुखमाबाई समाधानानं हसली. "तुले नसतं जमलं, बाई."

"नाई," गिरजाबाई म्हणाली. "मले नसतं जमलं."