अळणी श्रावण

आमच्या यांच्या आजाराला डॉक्टरांनी इंग्रजीत एक लांबलचक नाव सांगितलं होतं. घरात आम्ही नुसतं तेजी आणि मंदी म्हणायचो. नवी पेठेत चादरींचं दुकान असलेल्या घराला हे शब्द कुणी शिकवावे लागत नाहीत.

तेजीत हे जेमतेम दोन तास झोपायचे आणि उरलेला वेळ जगाचं कल्याण करायचे. चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात टांगा स्टँडवरच्या एकूण एक घोड्याला दुकानातली कोरी चादर पांघरून आले. सोलापूरचं ऊन, आणि वर चादर. घोडे घामाघूम झाले, टांगेवाले मात्र खूश. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन उशीचे अभ्रे कधी वाटणार म्हणून विचारून गेले. मंदी आली की हेच चन्नवीरमालक भिंतीकडे तोंड करून पडायचे. कसेबसे दुकानात गेलेच, तर चादर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘घेऊन तरी काय करणार’ असं विचारायचे.

आता हसू येतं. पण एका तेजीत हे भर दुपारी अनवाणी विजापूरच्या वाटेला लागले होते. सापडले तेव्हा तळपायाची कातडी सोलून निघाली होती आणि हे हसत होते. ते हसणं आठवलं की मी रात्री उठून दाराची कडी तपासून यायचे.

मग लिथियमची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की ही गोळी आजार उपटून काढत नाही, तोल सांभाळते. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. अधूनमधून रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं आणि मीठ रोज खाता तेवढंच खायचं, कमी नाही की जास्त नाही. हे तेव्हा तेजीत होते, दवाखान्याला बाहेरून कुठला रंग द्यावा ते डॉक्टरांना समजावत होते. अत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई चंद्रव्वा, या असल्या डॉक्टरची पायरी चढायची नाही म्हणून खाली टांग्यातच बसल्या होत्या. ऐकणारी मी एकटी.

गोळीनं वर्षभर घर शांत राहिलं. हे वेळेवर दुकान उघडायचे, वेळेवर जेवायचे. कधीमधी तक्रार करायचे की सगळं बेचव लागतं, पूर्वीसारखी धार राहिली नाही. मी म्हणायचे, धार गेली तर जाऊ दे, पाय तरी शाबूत आहेत. अत्ती मात्र गोळीचं नाव काढलं की पदर झटकायच्या. मुलगा बरा झाला तो सिद्धेश्वराच्या कृपेनं, असं त्यांचं ठाम मत. या एका गोष्टीवरून आम्हा सासूसुनांची किती भांडणं झाली त्याला गणती नाही.

शहाहत्तरचा श्रावण लागायच्या आदल्या दिवशीच मी पंचमीसाठी माहेरी वैरागला गेले. भावानं राखीपर्यंत सोडलंच नाही. परत आले ती थेट दुकानात. हे चादरीची घडी घालत होते आणि घडी काही जमत नव्हती, इतके हात थरथरत होते. मला पाहून उठले तर तोल जाऊन गठ्ठ्यावर बसले. बोलणंही जडावलं होतं. शेजारच्या ईश्वरप्पानं मला बाजूला घेऊन, मालक हल्ली दुपारचीच घेतात का, असं हळूच विचारलं. त्याला मी काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी अत्तींचा निकाल तयार होता. आठवडाभर पोराच्या पोटात काही ठरत नाही, उलट्या, जुलाब. सगळं त्या गोळीच्या विषानं. सोमवारी बाटली सिद्धेश्वराच्या तळ्यात टाकायची. यांनीही मान डोलावली. गोळ्या तळ्यात गेल्या की पुन्हा विजापूरची वाट, हे मला लख्ख दिसत होतं.

भांडायचं तर पोटात काहीतरी हवं म्हणून पानावर बसले. पहिलाच घास घेतला आणि म्हणाले, “अत्ती, आमटीत मीठ राहिलं.”

“राहिलं न्हाय, घातलंच न्हाय,” अत्ती म्हणाल्या. “चन्नू बरा झाला तर सगळा श्रावण अळणी खाईल, असं देवाला बोलले हुते. तू न्हवतीस म्हणून बिनतक्रार चाललंय की.”

मी हात न धुता टांगा बोलावला. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळी तात्पुरती थांबवली, रक्त तपासायला घेतलं आणि यांना खाटेवर झोपवून सलाइन लावलं. शरीराला मीठ मिळेनासं झालं की ते हे औषधच आत साठवून ठेवतं, असं त्यांनी समजावलं. गोळी तीच, तेवढीच, पण अळणी जेवणानं अंगात विष झाली होती. आणखी चार दिवस गेले असते तर कठीण होतं.

अत्ती या वेळी पायरी चढून आल्या होत्या. त्यांनी टांगलेल्या बाटलीकडे बोट दाखवून आत काय आहे ते विचारलं. मिठाचं पाणी, डॉक्टर म्हणाले. अत्ती हादरल्या. नवस शिरेतून मोडत होता आणि त्यांना दांडीवरची बाटली काढता येत नव्हती.

यांनी डोळे मिटूनच सांगितलं, “अव्वा, मला ती गोळी नको आता.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात अत्तीच खाटेवर बसल्या. “गोळीचा दोष न्हाय, चन्नू,” त्या म्हणाल्या. “मीठ मी काढलं. डॉक्टर दील तवा गुमान घ्यायची.” आणि रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मलाही रडू आलं, आणि रागही आला की आता भांडू कुणाशी.

हे बरे होऊन घरी आले. रक्ताचा अहवाल बघून डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली होती. अत्तींनी देवापुढे उभं राहून नवस स्वतःच्या अंगावर घेतला. पोराच्या जिभेचं बोलले ती चूक झाली, आता माझी जीभ घे, म्हणाल्या. यांच्या पानात त्यांनी स्वतःच्या हातानं मीठ वाढलं, गोळी आणि पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला आणि आपण अळणी आमटीत भाकरी कुस्करून बसल्या. पहिल्याच घासाला त्यांचं तोंड वाकडं झालं आणि नजर शेंगाचटणीच्या बरणीकडे गेली; इतके दिवस त्यांची अळणी आमटी तिच्याच जोरावर निघाली होती. त्यांनी नजर वळवली, पुन्हा तिकडेच गेली. मी बरणी उचलून फडताळात ठेवली आणि त्यांच्या शेजारी पान मांडून बसले.

“तुझ्यावर नवस न्हाय,” अत्ती म्हणाल्या.

“माहितीये. वाढा.”

समोर हे एकटेच मिठाचं जेवत होते. आमची दोघींची तोंडं बघून त्यांना हसू फुटलं, आणि काही केल्या थांबेना. त्या हसण्याची मला भीती वाटली नाही.