घरातली सगळी नावं

आमच्याकडे बांधावरून मारामारी झाली की फिर्यादीत घरातली सगळी नावं घालायची पद्धत. पाळण्यातलं पोर तेवढं सुटतं. मागच्या उन्हाळ्यात भावकीतल्या दादाभाऊनं केस केली, तेव्हा आमच्या हर्षालीचंही नाव घातलं. ती त्या दिवशी पुण्यात एम.ए.चा पेपर देत होती. मग आमच्या ह्यांनी उलट केस केली आणि दादाभाऊच्या पोराला, ऋषीला गोवलं. तो बिचारा भरतीसाठी नगरच्या मैदानावर धावत होता. फिट्टंफाट.

आता हर्षाली दिल्लीची लेखी परीक्षा पास झालीय. तिला परराष्ट्र सेवेत जायचंय, परदेशात आपल्या देशाच्या वतीनं बोलायला. महिन्यावर मुलाखत. आणि सोमवारी दोन्ही केसचं चार्जशीट कोर्टात जाणार. एकदा गेलं की पोरगी आरोपी, आणि पुढं नुसत्या तारखा.

"पोरं तिथं नव्हती असा दोघांनी पुरवणी जबाब द्या," हवालदारांनी सांगितलं. "पण सोमवारच्या आत."

शुक्रवारी हर्षाली सरळ दादाभाऊच्या शेतात गेली. मी मागोमाग. तो कांद्याच्या रोपांच्या जुड्या बांधत होता.

"बांध सोडतोय का तुझा बाप?"

"नाही, तात्या. तुम्हीही सोडू नका. भांडण राहू द्या. फक्त त्यातनं मला आणि ऋषीला बाहेर काढा."

त्याची बायको रत्ना उन्हाळ्यापासून माझ्याशी बोलत नव्हती. ती रोपांकडे बघत म्हणाली, "ऐका की तिचं."

शनिवारी पोलीस ठाण्यात एकाच बाकाच्या दोन टोकांना हे आणि दादाभाऊ बसले. मध्ये बांधासारखी मी.

"कोण येतंय आधी?" हवालदारांनी विचारलं.

ह्यांनी दादाभाऊकडे बोट केलं.

"त्याला घ्या आधी," हे म्हणाले. "मी जबाब दिला आन् ह्यानं पाठ फिरवली तर?"

"पाठ फिरवायची सवय तुझी हाय, कुंडलिक. माझी न्हाई."

"राव, मला बंदोबस्ताला जायचंय. उरका."

हर्षाली वडिलांपुढं उकिडवी बसली. "आण्णा, आधी आपण."

"आन् त्यानं न्हाई दिला तर? तुझं काय?"

"तर केस आहे, असं मुलाखतीच्या कागदावर खरं लिहीन. होईल ते होईल. पण ऋषीचं नाव आपण खोटं घातलंय. ते तरी काढू."

ह्यांनी टोपी नीट केली. मग उठून आत गेले. दारातून आवाज आला, "ऋषी तिथं नव्हता. रागात सांगितलं मी त्याचं नाव."

दादाभाऊ उठला. आत नाही, बाहेर. मोटारसायकलपाशी गेला, खिशातून किल्ली काढली. हाक मारायला तोंड उघडलं, तर हर्षालीनं माझा हात घट्ट दाबला.

त्यानं तोंडातली तंबाखू थुंकली. माघारी आला, आत शिरला, आणि ह्यांना म्हणाला, "चल, हो बाजूला."

दोन्ही जबाबांवर सह्या झाल्या.

बाहेर पडताना दादाभाऊ हर्षालीला म्हणाला, "दिल्लीला लई थंडी असती. स्वेटर ने." मग ह्यांच्याकडे न बघता, "बांध माझाच हाय."

"बघू कोर्टात," हे म्हणाले.

"दोघंच जायचं बरं का," हर्षाली म्हणाली.