वळणावरची घंटा

ऐका, आधी त्या शर्यतीची गंमत समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. डोंगरातल्या त्या मोठ्या तळ्यावर दर वर्षी ती व्हायची. तिघातिघांची टोळी. एकाने डोंगरावरून पळत खाली यायचं, दुसऱ्याने तळ्याच्या काठाने चढउतारांच्या रस्त्यावर सायकल हाणायची, आणि तिसऱ्याने होडी वल्हवत तळं पार करायचं. पळणाऱ्याच्या गळ्यातला कापडी पट्टा सायकलवाल्याकडे, त्याच्याकडून होडीवाल्याकडे. बाकीच्या दोघांना मोटरबोट पलीकडे नेऊन सोडायची, आणि मग तिघांनी मिळून, पट्टा हातात धरून, शेवटचा चढ पळायचा. तेव्हा शर्यत पुरी. पट्टा नसेल तर तुम्ही अगदी उडत या, उपयोग शून्य.

भिंगरीच्या घरची टोळी या शर्यतीत पहिल्या वर्षापासून. भिंगरी हे तिचं घरातलं नाव, लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून बाबांनी ठेवलेलं. दादा पळायचा, भिंगरी सायकलवर (तिचे पाय पेडलला पोचेपर्यंत आत्या असायची), आणि होडीत कायम बाबा. बाबा सुतार. दिवसभर लोकांची दारं-खिडक्या करायचे आणि संध्याकाळी आपल्या होडीची सरबराई. होडी लाकडी, त्यांनी स्वतः केलेली, अगदी दादाच्याही जन्माआधीची. म्हणून तिचं नाव थोरली. आई म्हणायची, "दोन मुलं आमची दोघांची. थोरली मात्र यांची एकट्यांची."

कधी पहिले आले नाहीत हो ते. पण एक वर्षही चुकवलं नाही आणि एकदाही शर्यत अर्धी सोडली नाही. आणि एका गोष्टीत त्यांचा हात कोणी धरत नव्हतं. सायकलकडून होडीकडे पट्टा देण्यात. बाकीच्यांचा तिथे नुसता गोंधळ. "इकडे ये, अरे इकडे, धर, पडला, उचल!" यांचं कसं? बाबा होडीत पाण्याकडे तोंड करून बसायचे, धक्क्याकडे पाठ. मागे वळून बघायचंच नाही. "होडीत मान वळली की होडी वळते," असं त्यांचं म्हणणं. धक्क्याच्या अलीकडे एक वळण होतं. तिथे भिंगरीने घंटा वाजवायची. पितळी घंटा, टोपीला चीर गेलेली, त्यामुळे ट्रिंग नाही, ट्रिंग-खर्र असा तिचा आवाज. तो आला की बाबा दोर सोडणार, वल्हं पाण्यात घालणार. भिंगरी धावत येणार, होडीच्या शेपटाला एक खुंटी ठोकलेली होती, तिच्यावर पट्टा अडकवणार आणि लाकडावर थाप मारणार. थाप पडली की थोरली सुटली! भिंगरी धक्क्यावर उभी राहून बाबांची लांब जाणारी पाठ बघत बसायची. तिला सगळ्या शर्यतीत तेवढंच बघायला आवडायचं, खरं सांगायचं तर.

आता भिंगरी कामाला होती दातांच्या डॉक्टरांकडे. पेशंटना आत सोडायचं, हत्यारं उकळून ट्रेमध्ये मांडायची, घाबरलेल्यांचा हात धरायचा. एक दिवस डॉक्टर एका माणसाच्या तोंडात आरसा घालून म्हणाले, "यंदा आमच्या टोळीत येतेस का? माझी नवी फायबरची होडी आहे, जिमवाला पळतोय. सायकलवर तू असलीस तर आपण पहिल्या तिघांत."

भिंगरी म्हणाली, "विचार करून सांगते."

खुर्चीतला माणूस तोंड वासलेलं तसंच ठेवून म्हणाला, "आं आं आं."

"बघ, हे पण हो म्हणतायत," डॉक्टर म्हणाले.

ती हसली, आणि हसता हसता हो म्हणून बसली. का? तर तिला एकदा तरी बक्षिसाच्या पायरीवर उभं राहायचं होतं, बस. इतकी वर्षं जीव तोडून सायकल मारायची आणि शेवटी गर्दीतला कुठला तरी नंबर. त्यात तिचं काय चुकलं, सांगा. काही नाही. पण घरी सांगायला गेली तेव्हा बाबा रंधा मारत होते, लाकडाच्या सळसळीत कुरळ्या सालींचा ढीग पायाशी, आणि तिने सांगितल्यावर रंधा थांबला.

"डॉक्टरांची होडी कशी आहे?" बाबांनी विचारलं.

"हलकी आहे. एका हाताने उचलतात."

"मग चांगलंय," बाबा म्हणाले. "जा की. रोज रोज कोण विचारतं?" आणि रंधा पुन्हा सुरू.

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा वाटलं.

आणि त्याच आठवड्यात शर्यतवाल्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून लाकडी होड्या बंद. जड असतात, मधेच अडकल्या तर ओढून आणायला त्रास, वगैरे. म्हणजे थोरलीची ही शेवटची शर्यत! परत जाऊन डॉक्टरांना नाही सांगावं? पण डॉक्टरांनी तिच्या मापाची जर्सी आणली होती, पाठीवर 'भिंगरी' छापून. तिने ती घालून आरशात पाहिली, पाठमोरी, मान वाकडी करकरून. आणि गप्प बसली.

सायकलवर मग कोण? वहिनी! वहिनीला सायकल येत होती म्हणजे अशी की चढता यायचं, चालवता यायचं, उतरायचं म्हटलं की कशाला तरी धडकायची. रोज सकाळी अंगणात सराव. दादा मागे पळतोय, "ब्रेक दाब, ब्रेक!"

"दाबला असता तर तुम्हाला ओरडायला काय उरलं असतं?" वहिनी कुंपणातून म्हणायची.

सगळे हसायचे. बाबाही. "सूनबाई, तुम्ही फक्त पट्टा आणा. कधी का येईना, आणा. थोरलीला एकदा पलीकडे नेतो आणि मग तिला माळ्यावर टाकतो."

भिंगरी खिडकीतून बघायची. आणि याच दिवसांत तिने ते केलं. एका दुपारी घरात कोणी नसताना जुन्या सायकलची घंटा पान्याने सोडवली आणि शर्यतीसाठी घेतलेल्या आपल्या नव्या सायकलला लावली. चोरी म्हणून नाही हो! तिला वाटलं, एवढं तरी आपलं बरोबर असावं. तिचीच तर होती घंटा. वहिनीला घंटेचं काय, ती वाटेत सगळ्यांना तोंडानेच ओरडून बाजूला करते. विचारलं नाही तिने कोणाला. मनात सुद्धा आलं नाही तिच्या की बाबा घंटेवर सुटतात. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी ती घंटा होती, तीच ती विसरली.

शर्यतीचा दिवस. धक्क्यावर ही गर्दी, कर्णा कोकलतोय, होड्या एकीला एक लावून उभ्या. डॉक्टरांची पिवळीधमक फायबरची होडी नेमकी थोरलीच्या शेजारी. डॉक्टर म्हणाले, "काय मिस्तरी, तुमची पोरगी पळवली, राग नाही ना?"

बाबा पाण्याकडे बघतच म्हणाले, "पळवली कुठे? फिरायला नेलीत. संध्याकाळी घरी आणून सोडा म्हणजे झालं."

हे भिंगरीला नंतर कळलं. तेव्हा ती रस्त्यावर होती, आणि काय सुटली होती सांगू! सगळे चढ गिळत, एकेकाला मागे टाकत. जिमवाल्याने पट्टा लवकर आणून दिला होता, समोर दोनच सायकली. उजवीकडे तळं लखलखतंय, वारा तोंडावर, मांड्यांना आग लागलेली, आणि आलं ते वळण. तिचा अंगठा घंटेवर गेला. विचार नाही, काही नाही. वळण म्हणजे घंटा. ट्रिंग-खर्र. ट्रिंग-खर्र.

सायकल फेकली, धक्क्यावर धावली, पट्टा डॉक्टरांच्या गळ्यात टाकला आणि दोन्ही हातांनी त्यांची होडी ढकलली. तिची शेपटी वळली आणि शेजारच्या लाकडावर बसली. थप्.

आणि थोरली सुटली.

भिंगरीला आधी काय वाटलं माहितीय? तिला वाटलं, वा! काय सुटले बाबा! दर वर्षीसारखीच ती उभी राहिली, बाबांची पाठ बघत, खांदे कसे एका लयीत फिरतायत, पाणी कसं न उडता कापलं जातंय. छाती भरून आली तिची. आणि मग नजर गेली खुंटीवर.

खुंटी मोकळी.

"बाबा!" ती किंचाळली. "बाबा, पट्टा! थांबा!" पण कर्णा आलेल्या टोळ्यांची नावं पुकारत होता, आणि बाबा तर मागे बघणाऱ्यातले नव्हतेच. धक्क्यावरचे आणखी चारजण ओरडले. एकाने शिट्टी मारली. ती पाठ लहान होत गेली, तेवढ्याच लयीत.

मोटरबोट सुटायच्या बेतात होती तेव्हा वहिनी आली. जुन्या सायकलच्या हँडलला घरातला एक भोंगा दोऱ्याने बांधलेला, लाल प्लॅस्टिकचा. वळणावरून तो पोंऽ पोंऽ करत आला आणि वहिनी थेट दोराच्या खांबाला धडकून थांबली. गुडघा फुटलेला, चेहरा टोमॅटो, पण हसत होती. पट्टा उंच धरून म्हणाली, "आणला! कुठायत बाबा?"

भिंगरीने नुसतं तळ्याकडे बोट केलं.

"असे कसे गेले? पट्टा माझ्याकडे ना?" वहिनीने तिच्या नव्या सायकलकडे पाहिलं. मग घंटेकडे. आणि हळूच म्हणाली, "अगं, ही इथे होय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आज सकाळी दिसलं, घंटा जागेवर नाहीये म्हणून. तुझे दादा म्हणाले, हिनेच नेली असणार. बाबांना नको सांगू, उगाच त्यांना वाईट वाटेल. भोंगा वाजवला की कळेल त्यांना." "बाबांना न दुखवायच्या नादात सगळेच गप्प बसलो बघ आपण."

मोटरबोटीत दोघी शेजारी बसल्या. वहिनीच्या मांडीवर पट्टा घडी करून ठेवलेला. भिंगरी मनात वाक्यं जुळवत होती, बाबा माझ्यामुळे झालं, बाबा मला सुचलंच नाही, आणि प्रत्येक वाक्य तिला खोटं वाटत होतं.

पलीकडे थोरली काठाला लागलेली. बाबांनी आजवरची सगळ्यात वेगात मारली होती ती. डॉक्टरांच्या अगदी मागोमाग पोचले होते, दादा सांगत होता. उतरले, हसत मागे हात घातला पट्टा घ्यायला, आणि हात तसाच खुंटीवर राहिला. वहिनीने पट्टा पुढे केला, पण पंच चांगला माणूस होता तरी त्याने मान हलवली. पट्टा होडीतून आला पाहिजे, मोटरबोटीतून नाही. परत जाऊन आणू का, दादाने विचारलं. तर दुपारचा वारा सुटला होता, आता पाण्यावर नवी होडी सोडत नव्हते. संपलं.

बाबा काठावर उकिडवे बसून थोरलीतलं पाणी डब्याने काढत होते. भिंगरी शेजारी जाऊन बसली.

बाबाच म्हणाले, "आपली घंटा होती ना ती?"

"हो."

"मला वाटलंच." एक डबा पाणी बाहेर गेलं. "म्हणजे डोकं सांगत होतं, ती कशाला येईल, ती डॉक्टरांकडे आहे. पण हातांनी विचारलंच नाही मला. थाप पडली आणि सुटले." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं, आलीस तू."

तिला रडू फुटणार तेवढ्यात चढावरून डॉक्टरांची हाक. "भिंगरी! अगं चल, तिसरे आहोत आपण! मागचे आले!" जिमवाला जागच्या जागी उड्या मारत होता. तिच्याशिवाय त्यांना चढ पळता येत नव्हता, तिघं लागतात ना.

ती उठेना. बाबांनी तिच्या पाठीवर, त्या छापलेल्या नावावर हात ठेवला आणि हलकेच ढकललं. "जा. तुझी माणसं थांबलीत."

तिला ते शब्द असे लागले म्हणता! बाबांनी टोमणा मारला नव्हता, ते टोमणे मारणारे नाहीतच. सरळ सांगितलं होतं, जे होतं ते. ती गेली. पट्टा धरून चढ पळाली, तिसऱ्या पायरीवर उभी राहिली, गळ्यात पदक पडलं. समोर गर्दीत दादा, वहिनी, आई टाळ्या वाजवत होते. बाबा नव्हते. खाली काठावर ते थोरलीला दोर बांधत होते, एकटेच, आणि त्या पायरीवरून ते अगदी स्पष्ट दिसत होते.

दुसऱ्या दिवशी तिने घंटा जुन्या सायकलला परत लावली. थोरली बाबांच्या सुतारकामाच्या कारखान्याच्या माळ्यावर गेली, पालथी. वहिनी आता सायकल मस्त चालवते, उतरतेसुद्धा. बाजारातून आली की अंगणाच्या वळणावर मजेत घंटा वाजवते.

भिंगरी त्या वेळी बऱ्याचदा कारखान्यात असते, बाबांना चहा घेऊन आलेली. रंधा चाललेला असतो. ट्रिंग-खर्र होतं आणि रंधा थांबतो. बाबांची पाठ दाराकडे असते, मान वळत नाही.

"वहिनी आलीय, बाबा," ती म्हणते.

"माहितीय," बाबा म्हणतात, आणि रंधा पुन्हा सुरू होतो.